इंग्रजीच्या परीक्षेतील ईमेल: अर्जाची सवय सोडून पत्र कसे लिहावे

सांगलीत विश्रामबागेत संध्याकाळी भरणाऱ्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात जे विद्यार्थी येतात, त्यांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे डिप्लोमाधारक, मिरजेच्या रुग्णालयांतील परिचारिका आणि कॅनडात गेलेल्या भावाबहिणीकडे जाण्याची तयारी करणारे तासगाव-पलूस भागातील तरुण असा हा वर्ग असतो. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाकडून एक ईमेल लिहून घेतो. व्यक्ती वेगळ्या, वये वेगळी, तरी कागद जवळजवळ सारखेच येतात: आरंभी ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. व्याकरणाच्या चुका असतात, पण त्या मुख्य नसतात. मुख्य अडचण अशी की हा ईमेल नसून आठवी-नववीत घोटून घेतलेला मराठी अर्ज असतो. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही त्यातील वाक्ये इंग्रजी शब्दांचे कपडे घालून आलेली असतात.

अर्ज आणि पत्र यांच्यातील हा फरक एकदा ध्यानात आला की परीक्षेतील ईमेलच्या प्रश्नाचे निम्मे काम होते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. अर्ज एखाद्या पदाला उद्देशून केलेला असतो, म्हणून त्यात तपशील कमी आणि नम्रता जास्त असते. परीक्षेतील ईमेल मात्र एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेला असतो आणि तो वाचून त्या दुसऱ्या माणसाला काहीतरी करता आले पाहिजे. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

आपली परीक्षा कोणती, हे आधी पाहा

हे सांगण्याची गरज आहे, कारण चुकीच्या परीक्षेची तयारी करून आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. परदेशी शिकायला, नोकरीला किंवा राहायला जाणारे देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. ॲकॅडमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता किंवा आकृतीचे वर्णन करावे लागते, तेथे पत्र नसते. जनरल ट्रेनिंग या प्रकारात पहिला प्रश्न पत्राचा असतो. किमान १५० शब्द लिहायचे असतात आणि लेखनाच्या एकूण ६० मिनिटांपैकी साधारण २० मिनिटे त्याला द्यावीत अशी अपेक्षा असते. उरलेला वेळ २५० शब्दांच्या निबंधासाठी ठेवावा लागतो आणि त्या निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असते.

कॅनडासाठी घेतल्या जाणाऱ्या सेल्पिप परीक्षेत पहिला प्रश्न थेट ईमेलचाच असतो. तेथे १५० ते २०० शब्द आणि २७ मिनिटे मिळतात. कॅनडासाठीच चालणाऱ्या पीटीई कोअर या संगणकावरील परीक्षेत ईमेल ५० ते १२० शब्दांचा असून त्याला अवघी ९ मिनिटे असतात. परिचारिका आणि डॉक्टरांच्या ओईटी परीक्षेत रुग्णाच्या नोंदी देऊन त्यांवरून पत्र लिहायला सांगतात. त्यासाठी नोंदी वाचायला ५ आणि लिहायला ४० मिनिटे असतात व पत्राचा मुख्य भाग १८० ते २०० शब्दांचा अपेक्षित असतो.

मजकूर कसा तपासला जातो हेही थोडक्यात पाहावे. आयईएलटीएसमध्ये चार कसोट्या असतात: विचारलेले काम पूर्ण झाले का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा कशी आहे आणि व्याकरण किती विविध व किती अचूक आहे. या चारही कसोट्यांना सारखेच गुण असतात. सेल्पिपच्या कसोट्यांची नावे निराळी असली तरी रोख तोच आहे. म्हणजे व्याकरण निर्दोष असूनही तीनपैकी एका मुद्द्याचे उत्तर राहून गेले, किंवा मित्राला लिहिलेल्या पत्रात कचेरीचा सूर आला, तर गुण जातात. ज्यांना सीएलबी या कॅनडाच्या भाषाकौशल्याच्या मोजपट्टीवर ९ गाठायचे आहे, त्यांना आयईएलटीएस जनरलच्या लेखनात ७ बँड किंवा सेल्पिपच्या लेखनात ९ ही पातळी लागते. त्या उंचीवर सूर आणि तपशील यांतील ढिलाई परवडत नाही.

प्रश्न वाचताना पेन्सिल हातात असू द्यावी

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. आरंभी दोन-तीन ओळींत प्रसंग दिलेला असतो, मग पत्र कोणाला लिहायचे ते सांगितलेले असते आणि त्याखाली बहुधा तीन मुद्दे असतात. वर्गासाठी मी तयार केलेला एक प्रश्न येथे घेतो: तुम्ही नुकताच बसने प्रवास केला आणि तुमची बॅग बसमध्ये राहिली. बस कंपनीच्या व्यवस्थापकाला पत्र लिहा. पत्रात प्रवासाची माहिती द्या, बॅगेचे व तिच्यातील वस्तूंचे वर्णन करा आणि व्यवस्थापकाने काय करावे ते सांगा.

येथे लिहायला सुरुवात करण्यापूर्वी कच्च्या कागदावर चार गोष्टी मराठीत टिपाव्यात. वाचणारा कोण आहे? तो मला ओळखतो का? मला त्याच्याकडून नेमके काय हवे आहे? तिन्ही मुद्द्यांसाठी माझ्याकडे कोणते ठोस तपशील आहेत? मराठीत टिपायला सांगण्याचे कारण असे की या टप्प्यावर भाषेचा नव्हे, तर विचारांचा प्रश्न असतो आणि विचार ज्या भाषेत भराभर येतात तीच भाषा येथे वापरावी. मात्र टिपणे शब्दांची असावीत, वाक्यांची नसावीत, कारण मराठी वाक्य लिहिले की हात त्याचे भाषांतर करू लागतो. या कामाला आयईएलटीएसमध्ये तीन मिनिटे आणि सेल्पिपमध्ये पाच मिनिटे द्यावीत. पीटीई कोअरमध्ये एका मिनिटाहून अधिक देता येत नाही.

पुष्कळ विद्यार्थी विचारतात की माझी बॅग कधी हरवलीच नाही, मग खोटे कसे लिहायचे. परीक्षक भाषा तपासत असतो, घटनेची शहानिशा करत नसतो, म्हणून तपशील कल्पनेने घालण्यात गैर काही नाही. तरीही तपशील आपल्या ओळखीच्या जगातले घ्यावेत असे मी आग्रहाने सांगतो. ज्याने लंडनची भुयारी रेल्वे कधी पाहिली नाही, त्याने तिचे वर्णन करू नये. स्वारगेट ते सांगली हा प्रवास ज्याने शंभर वेळा केला आहे, त्याला रॅक, खिडकीची जागा, पाऊस आणि उतरतानाची गडबड हे सारे आपोआप सुचते, आणि ज्या वस्तू डोळ्यांसमोर दिसतात त्यांच्यासाठी शब्दही सापडतात.

एक कच्चा मसुदा आणि त्याची दुरुस्ती

तासगावकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वरील प्रश्नाचे दिलेले उत्तर मी जपून ठेवले आहे. त्याचा आशय असा होता: ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय वॉज ट्रॅव्हलिंग इन युअर बस अँड माय बॅग वॉज लॉस्ट. बॅग वॉज हॅविंग इम्पॉर्टंट डॉक्युमेंट्स. सो आय हम्बली रिक्वेस्ट यू टू काइंडली डू द नीडफुल.’ एवढे झाल्यावर त्याला पुढे काय लिहावे ते सुचेना आणि पन्नास शब्दांच्या आतच त्याचे पत्र संपले.

मी वही मिटायला सांगितली आणि त्याला मराठीत प्रश्न विचारले. कोणती बस होती? सकाळी साडेसहाची, पुण्याहून. कुठे बसला होतास? चौदा नंबर, खिडकीला. बॅग कशी होती? निळी, पुढच्या कप्प्याची चेन तुटलेली. आत काय होते? हिरव्या फाइलीत डिप्लोम्याची प्रमाणपत्रे आणि आईचा वाचायचा चष्मा. राहिली कशी? पाऊस जोराचा होता, उतरायची घाई झाली. प्रमाणपत्रे कशाला लागतात? पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. सारे तपशील त्याच्याजवळ तयार होते, पण ‘अर्जात असे लिहीत नाहीत’ म्हणून त्याने ते गाळले होते. हीच उत्तरे आम्ही ओळीने इंग्रजीत मांडली.

संबोधन ‘डिअर सर ऑर मॅडम’ असे घेतले, कारण व्यवस्थापकाचे नाव ठाऊक नाही. पहिल्याच वाक्यात पत्राचे कारण सांगितले: ‘आय ॲम रायटिंग अबाउट अ बॅग व्हिच आय लेफ्ट ऑन वन ऑफ युअर बसेस लास्ट फ्रायडे.’ वाचणाऱ्याला एका वाक्यात विषय कळला. विषयाची वेगळी ओळ, स्वतःचा पत्ता आणि तारीख यांची येथे गरज नाही. आयईएलटीएसमध्ये तर पत्ता लिहिण्याची गरज नाही असे प्रश्नपत्रिकेतच सांगितलेले असते.

पहिल्या मुद्द्याचा परिच्छेद असा झाला: ‘आय ट्रॅव्हल्ड फ्रॉम पुणे टू सांगली ऑन द हाफ पास्ट सिक्स मॉर्निंग बस अँड सॅट इन सीट फोर्टीन. आय पुट माय बॅग ऑन द रॅक अबव्ह द सीट, बट बिकॉज इट वॉज रेनिंग हेविली व्हेन वी अराइव्ह्ड, आय हरीड ऑफ द बस अँड फरगॉट इट.’ पहिले वाक्य साधे आहे, दुसरे कारण आणि परिणाम जोडणारे आहे. परीक्षकाला अपेक्षित असलेली रचनेची विविधता अशीच येते, मुद्दाम अवघड शब्द शोधून येत नाही.

दुसरा परिच्छेद वर्णनाचा: ‘इट इज अ स्मॉल, डार्क ब्लू रकसॅक विथ अ ब्रोकन झिप ऑन द फ्रंट पॉकेट. इनसाइड देअर आर माय डिप्लोमा सर्टिफिकेट्स इन अ ग्रीन फोल्डर, व्हिच आय नीड फॉर अ जॉब इंटरव्ह्यू नेक्स्ट वीक, अँड माय मदर्स रीडिंग ग्लासेस.’ ‘इम्पॉर्टंट डॉक्युमेंट्स’ या दोन शब्दांच्या जागी काय आले ते पाहावे. महत्त्व सांगावे लागले नाही, मुलाखतीच्या उल्लेखातून ते आपोआप कळले.

तिसरा परिच्छेद मागणीचा. ‘डू द नीडफुल’ म्हणजे काय करायचे, हे ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसते. त्याऐवजी लिहिले: ‘कुड यू प्लीज आस्क द ड्रायव्हर व्हेदर ही फाउंड इट? इफ इट हॅज बीन हँडेड इन, आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड कीप इट ॲट युअर सांगली ऑफिस. आय कॅन कलेक्ट इट एनी इव्हनिंग आफ्टर सिक्स.’ शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ आणि ‘युअर्स फेथफुली’. एवढे सारे मिळून शब्द जेमतेम दीडशेच्या आसपास भरतात, म्हणून बॅग सापडली नसल्यास तसे कळवावे, म्हणजे प्रमाणपत्रांच्या दुसऱ्या प्रतींसाठी अर्ज करता येईल, असे आणखी एक वाक्य आम्ही घातले. शब्द वाढवायचे असतील तेव्हा ते नेहमी अशाच उपयोगी माहितीने वाढवावेत. अनुभवी परीक्षकाला ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ अँड स्पिरिट्स’ यांसारखी पाठ केलेली वाक्ये लगेच ओळखू येतात आणि त्यांचे श्रेय मिळत नाही.

आदर कोठे ठेवायचा

मराठी माणसाला इंग्रजी पत्रात सर्वांत अवघड जाणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी शिकवले जाते. आपल्याकडे आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटी असतो. ‘तू पाठव’, ‘तुम्ही पाठवा’, ‘आपण पाठवाल का’, ‘पाठवावे’, ‘पाठवावे ही विनंती’ अशा पायऱ्या आपण विचार न करता चढतो आणि उतरतो. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. तो मित्रालाही चालतो आणि महाव्यवस्थापकालाही. आपल्याला तेथे आदर दाखवायची जागाच सापडत नाही, म्हणून आपण ‘रिस्पेक्टेड’, ‘हम्बली’, ‘काइंडली’ असे शब्द वरून चिकटवतो. पण ‘काइंडली सेंड’ किंवा ‘प्लीज सेंड’ यांतील क्रियापद आज्ञार्थीच राहते आणि ऐकणाऱ्याला हुकूमच ऐकू येतो.

इंग्रजीत आदर वाक्याच्या घडणीत असतो. मित्राला ‘कॅन यू सेंड मी द फोटोज?’ पुरते, ते आपल्या ‘पाठवशील का’च्या जागी आहे. शेजारी, घरमालक, शिक्षक, ओळखीचा साहेब यांना ‘कुड यू सेंड मी’ किंवा ‘वुड यू माइंड सेंडिंग’ लिहावे, हे आपले ‘पाठवाल का’. अनोळखी अधिकाऱ्याला ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी’ लिहावे, हे आपले ‘पाठवावे ही विनंती’. विद्यार्थ्यांनी वहीच्या एका पानावर डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी अशा या पायऱ्या लिहून ठेवाव्यात आणि दर वेळी आधी मनात मराठी वाक्य म्हणून पाहावे. या व्यक्तीशी मी समोरासमोर बोललो असतो, तर ‘पाठव’ म्हटले असते की ‘पाठवावे’? उत्तर आपल्याला जन्मापासून ठाऊक असते. येथे मराठी आड येत नाही, उलट तीच वाट दाखवते.

तक्रारीच्या पत्रात याची उलट बाजू दिसते. ‘हे अजिबात खपवून घेतले जाणार नाही’ हा आपल्याकडील निवेदनांचा सूर इंग्रजीत ‘आय विल नॉट टॉलरेट धिस’ असा उतरतो आणि पत्र धमकीचे वाटू लागते. ‘आय वॉज व्हेरी डिसअपॉइंटेड’ हे शब्द सौम्य वाटले तरी औपचारिक इंग्रजीत त्यांचे वजन पुरेसे असते. त्यापुढे काय बिघडले, कधी बिघडले आणि कोणती भरपाई हवी हे नेमके लिहिले की तक्रार आपोआप कडक होते.

संबोधन आणि समारोप यांची जोडी

नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. आडनाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर पाटील’ आणि ‘युअर्स सिन्सिअरली’. मित्राला ‘डिअर सागर’ किंवा ‘हाय सागर’ आणि ‘बेस्ट विशेस’. सेल्पिप किंवा पीटीईच्या ईमेलमध्ये औपचारिक पत्राखाली ‘रिगार्ड्स’ चालते. येथे आपली एक खास चूक होते. आपण आदराने ‘सचिनसर’, ‘सचिनराव’ म्हणतो, त्यामुळे ‘मिस्टर सचिन’ लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत ‘मिस्टर’पुढे आडनावच येते. स्त्रीचा वैवाहिक तपशील माहीत नसताना ‘मिझ’ हे संबोधन वापरावे. ‘मायसेल्फ अमुक’ अशी सुरुवात कोठेही करू नये. अनोळखी माणसाला आपले नाव पत्राच्या तळाशी कळतेच, वर फक्त आपले नाते सांगावे, म्हणजे मी तुमचा ग्राहक आहे, भाडेकरू आहे किंवा त्या बसमधील प्रवासी होतो.

मित्राला पत्र असेल तर सूर पूर्ण बदलला पाहिजे. तीच बॅग मित्राच्या घरी राहिली असेल, तर ‘यू वोन्ट बिलीव्ह व्हॉट आय लेफ्ट ॲट युअर प्लेस’ अशी सुरुवात शोभते. ‘वोन्ट’, ‘कान्ट’, ‘आय’म’ ही जोडरूपे येथे वापरावीत आणि औपचारिक पत्रात टाळावीत. तरीही मोबाइलवर लिहितो तशी तोडकी अक्षरे मित्राच्या पत्रातही नकोत, कारण शब्दलेखन येथेही तपासले जाते.

मराठी वाक्य इंग्रजीखाली दडते तेव्हा

व्याकरणाचे जाड पुस्तक शेवटच्या महिन्यात हाती घेण्यापेक्षा, मराठीमुळे होणाऱ्या मोजक्या चुका ओळखून त्या काढून टाकणे जास्त फायद्याचे ठरते. त्यांतील पहिली चूक जोड्यांची आहे. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’, ‘जर’ला ‘तर’ लागतो, त्यामुळे आपण ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट आय वेटेड’ आणि ‘ॲज इट वॉज रेनिंग, सो आय रॅन’ असे लिहून जातो. इंग्रजीला जोडीतील एकच शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवला तर ‘बट’ काढावा, ‘ॲज’ ठेवला तर ‘सो’ काढावा.

दुसरी काळाची. ‘मी तीन वर्षांपासून येथे काम करतो’ हे मराठीत साधा वर्तमानकाळ वापरून म्हणता येते आणि म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ते ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’ असे होते. ‘सिन्स’ नंतर कालावधी येत नाही, आरंभबिंदू येतो, जसे ‘सिन्स २०२२’.

तिसरी चूक विभक्तीतून येते. ‘त्याला सांगितले’ यातील ‘ला’ आपल्याला ‘टोल्ड टू हिम’ लिहायला लावतो आणि ‘विषयाबद्दल चर्चा केली’ यातील ‘बद्दल’ ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहायला लावतो. दोन्ही ठिकाणी मधला शब्द नको. चौथी चूक ‘अ’ आणि ‘द’ यांची. मराठीत उपपदे नसल्याने ती लिहिताना आठवत नाहीत, म्हणून ती लिहिताना आठवण्याचा हट्टच धरू नये. तपासताना केवळ नामांवर बोट ठेवत जावे. पहिल्यांदा आलेल्या एकवचनी वस्तूपुढे ‘अ’, ओळख झालेल्या वस्तूपुढे ‘द’, एवढा नियम पुष्कळ जागा सावरतो.

याखेरीज काही शब्द आपल्या कचेऱ्यांत इतके रुळले आहेत की ते सर्वत्र चालतील असे वाटते. ‘आउट ऑफ स्टेशन’ हे आपले ‘बाहेरगावी’ आहे, तेथे ‘अवे’ किंवा ‘आउट ऑफ टाउन’ लिहावे. ‘पास्ड आउट’ याचा बाहेर ‘बेशुद्ध पडलो’ असाही अर्थ होतो, म्हणून पदवीबद्दल ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे. ‘प्रीपोन’ऐवजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि ‘परीक्षा दिली’चे ‘गेव्ह’ न करता ‘टुक ॲन एक्झाम’ करावे. भारतात हे शब्द चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. मात्र परीक्षेतील काल्पनिक व्यवस्थापक भारतातील असेलच असे नाही.

परिचारिकांसाठी थोडे वेगळे

ओईटीच्या पत्रात तपशील कल्पनेने घालायचे नसतात, उलट दिलेल्या नोंदींतून निवडायचे असतात. मिरजेहून येणाऱ्या विद्यार्थिनी रुग्णालयाच्या सवयीमुळे प्रत्येक नोंद उतरवून घेतात, कारण वॉर्डमध्ये एकही नोंद गाळणे चूक असते. परीक्षेत मात्र निवड करण्याचेच गुण असतात. पत्र वाचणारी व्यक्ती घरी जाऊन ड्रेसिंग करणारी परिचारिका असेल, तर तिला जखमेची स्थिती, औषधे, ॲलर्जी आणि पुढील भेट हे सारे हवे आहे, वीस वर्षांपूर्वीची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया बहुधा नको आहे. पत्र कशासाठी लिहिले आहे ते पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे. ओईटीत हेतूची स्पष्टता ही स्वतंत्र कसोटी आहे. ज्या परिचारिका आयईएलटीएस ॲकॅडमिक देणार आहेत, त्यांनी हा विभाग आणि एकूणच पत्रलेखनाचा सराव बाजूला ठेवून आलेखवर्णनाकडे वळावे.

सराव आणि शेवटची मिनिटे

संगणकावर परीक्षा देणाऱ्याने सराव संगणकावरच करावा. वर्गातील बहुतेकांचा हात मोबाइलवर अंगठ्याने लिहिण्याला सरावलेला असतो आणि कीबोर्डवर १५० शब्द टंकायला त्यांना आरंभी अर्धा तास लागतो. महिनाभर रोज एक ईमेल घड्याळ लावून टंकला की हा वेळ पंधरा मिनिटांवर येतो. आयईएलटीएसच्या संगणकावर शब्दसंख्या दिसते, पण शब्दलेखनाची चूक दाखवली जात नाही. सेल्पिपमध्ये शब्दसंख्येबरोबर शब्दलेखन तपासणीही असते. म्हणून आयईएलटीएस देणाऱ्यांनी सरावाच्या वेळी ती सोय बंद ठेवावी आणि पुन्हा पुन्हा चुकणारे शब्द एका कागदावर जमा करत जावेत. सेल्पिपमध्ये प्रत्येक प्रश्नाचे घड्याळ स्वतंत्र असते, म्हणून ईमेल लवकर संपला तरी उरलेली मिनिटे तपासण्यातच खर्च करावीत. आयईएलटीएसमध्ये मात्र पत्रावर पंचवीस-तीस मिनिटे घालवली तर दुप्पट वजनाचा निबंध अपुरा राहतो, तेथे विसाव्या मिनिटाला थांबलेच पाहिजे.

तपासणीसाठी चार मिनिटे राखून ठेवावीत आणि प्रत्येक वाचनात एकच गोष्ट पाहावी. पहिल्या वाचनात तीनही मुद्दे आले का, दुसऱ्यात क्रियापदांचे काळ, तिसऱ्यात नामांपुढील ‘अ’ आणि ‘द’. सगळ्या चुका एकदम शोधायला गेले की एकही सापडत नाही. शेवटी संबोधन आणि समारोप यांची जोडी जुळते का ते पाहावे.

रविवारी वर्गात आम्ही आणखी एक गोष्ट करतो आणि घरी एकट्याने तयारी करणाऱ्यांनीही ती कोणा मित्राबरोबर जरूर करावी. प्रत्येकाचा ईमेल दुसऱ्याला दिला जातो आणि त्या दुसऱ्याने व्यवस्थापक, घरमालक किंवा मित्र होऊन त्याला खरेखुरे उत्तर लिहायचे असते. काहीही विचारावे न लागता उत्तर लिहिता आले, तर मूळ ईमेल पुरेसा आहे असे आम्ही धरतो. निळ्या बॅगेच्या त्या विद्यार्थ्याचा दुरुस्त केलेला ईमेल मिरजेच्या एका परिचारिकेकडे गेला होता. तिने बस कंपनीच्या वतीने लिहिले की बॅग सापडली आहे आणि सांगलीच्या कार्यालयात ठेवली आहे, पण ती न्यायला येताना ओळखपत्र आणावे, आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक मात्र पत्रात नाही, तो कळवावा. त्याने तो तेव्हाच, शेवटच्या वाक्याच्या आधी, पेन्सिलीने लिहून घेतला.